स्टिअरिंग वाजतंय? रॅक बदलण्याआधी या चुका टाळा

स्टिअरिंग वळवताना आवाज येतो म्हणून गाडी गॅरेजला नेली की बरेचदा पहिलंच वाक्य ऐकू येतं, ‘रॅक गेला.’ रॅक म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत पोचवणारा दातेरी दांडा. तो महाग असतो, म्हणून बाकीचं सगळं तपासून झाल्याशिवाय हे निदान मान्य करू नका. बरेचसे आवाज त्याच्या आजूबाजूच्या स्वस्त भागांतून येतात: लिंक रॉड (गाडीचं कलणं आवरणाऱ्या दांड्याला जोडणारी छोटी काडी), टायरॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणारं टोक), शॉकअपच्या (धक्के झेलणाऱ्या दांड्याच्या) वरचं बेअरिंग, नाहीतर स्टिअरिंग शाफ्टचा, म्हणजे स्टिअरिंगपासून खाली रॅककडे जाणाऱ्या दांड्याचा जॉइंट. कोकणात हे भाग लवकर जातात. किनाऱ्यावरची हवा खारी, पावसाळ्याचे चार महिने गाडीचा तळ ओलाच. जॉइंटवरचा रबरी बूट, म्हणजे ग्रीस आत ठेवणारं आवरण, एकदा फाटलं की लाल माती पाण्याबरोबर आत शिरते, ग्रीसमध्ये मिसळते आणि जॉइंट आतून घासून टाकते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आवाज कुठून येतो एवढंच विचारत बसणं. आवाज लोखंडातून फिरतो, डाव्या चाकाजवळचा खटका थेट पायापाशी ऐकू येतो. म्हणून आधी तो कधी येतो ते बघा. गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवा, चावी फिरवून स्टिअरिंगचा लॉक सोडवा. घरातल्या कुणालातरी आत बसवून स्टिअरिंग थोडंथोडं डावीउजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही प्रत्येक जॉइंटवर हात ठेवून बघा. ढिला जॉइंट खटका बोटांना देतो, कानापेक्षा बोटं जास्त खरं सांगतात. डॅशबोर्डखाली, पेडलच्या वरच्या बाजूला ‘कट्ट’ जाणवला तर शाफ्टच्या जॉइंटवर संशय घ्या.

मग इंजिन चालू करून उभ्या गाडीतच स्टिअरिंग पूर्ण वळवा. पुढची स्प्रिंग अडकत-अडकत फिरते आणि ‘टण्ण’ करून सुटते, तर शॉकअपच्या वरचं बेअरिंग गंजलंय. स्प्रिंग फिरत असताना ती पकडू नका, बोटं अडकतात. नुसती बघा आणि बोनेट उघडून शॉकअपच्या टोकाला हलकासा हात लावा.

चालत्या गाडीतले आवाज वेगळे. खडबडीत रस्त्यावर सावकाश जाताना ‘खडखड’ आली आणि वळण असो वा नसो ती येतच राहिली, तर बहुधा लिंक रॉड. मोकळ्या मैदानात पूर्ण वळण घेऊन हळू ॲक्सिलरेटर दिला की ‘टक-टक-टक’ येत असेल तर तो ॲक्सलचा (इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा) चाकाकडचा जॉइंट, स्टिअरिंगचा त्याच्याशी संबंध नाही. वेगाबरोबर वाढणारा घूं-घूं आवाज, गाडी एका बाजूला झुकली की बदलत असेल, तर व्हील बेअरिंग तपासा. आणि स्टिअरिंगच्या चाकातूनच कागद चुरगळल्यासारखा आवाज येत असेल तर आतली क्लॉक स्प्रिंग, म्हणजे स्टिअरिंगबरोबर फिरणारी वायरची गुंडाळी. एअरबॅगची वायर तिथूनच जाते, ते घरी उघडायचं काम नाही.

तेल ओतण्याची घाई

बोनेटखाली पॉवर स्टिअरिंगच्या तेलाची वेगळी टाकी नसेल तर स्टिअरिंग बहुधा इलेक्ट्रिक आहे, त्यात तेल घालायचंच नसतं. टाकी असेल आणि वळवताना ‘कुईऽ’ येत असेल तर आधी पातळी बघा. तेल फेसाळलेलं दिसलं तर कुठूनतरी हवा शिरतेय. पातळी कमी झाली म्हणजे गळती आहे, नुसतं भरून ती थांबत नाही. कोणतं तेल चालतं ते टाकीच्या झाकणावर नाहीतर मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. घाईगडबडीत ब्रेक ऑइल ओतणारेही आहेत, त्याने आतले सील खराब होतात. स्टिअरिंग शेवटच्या टोकाला दाबून धरून ठेवायची सवयही सोडा. त्या वेळी पंपावर सगळ्यात जास्त दाब येतो, चार-पाच सेकंदांच्या वर तो देऊ नये.

आवाजावर गंज सोडवणारा स्प्रे मारणं ही दुसरी आवडती युक्ती. दोन दिवस शांतता मिळते, कारण स्प्रे पातळ असतो. मग तो उरलंसुरलं ग्रीस धुऊन टाकतो आणि आवाज वाढून परत येतो. बूट फाटलेल्या जॉइंटवर बाहेरून ग्रीस थापणंही तसंच फुकट. जॉइंट बदलावा लागतो.

चिऱ्यावर गाडी चढवू नका

आपल्याकडे अंगणात जांभ्याचे चिरे पडलेले असतात आणि जॅकच्या जोडीला तेच गाडीखाली सरकवले जातात. चिरा दिसतो दगड, पण सच्छिद्र असतो. लोखंडाची टोकदार कड एका जागी बसली तर तो अचानक फुटतो. गाडीखाली हात घालायचा असेल तर लोखंडी स्टँडच वापरा. पावसात मऊ झालेल्या मातीवर जॅकखाली जाड फळी घ्या, नाहीतर तो कलतो.

काम झाल्यावर दोन गोष्टी मेकॅनिकला आवर्जून विचारा. टायरॉड एंड बदलला असेल तर अलाइनमेंट (चाकांचा कोन जुळवणं) करावंच लागतं, ‘सरळ धावतेय ना’ एवढ्यावर सोडू नका. लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) बदलला असेल तर त्याचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना पक्के आवळले का? हवेत लटकत असताना आवळले की त्यातला रबरी बुश (बोल्टभोवतीची रबराची नळी) पिळलेल्या अवस्थेतच अडकतो आणि लवकर फाटतो. नवीन सामान घालूनही काही महिन्यांत आवाज परत येतो, त्यामागे बरेचदा हेच असतं.

ही तपासणी गणपतीच्या गर्दीआधी उरका, त्या आठवड्यात गॅरेजमध्ये कुणाला सवड नसते. खारट वाळूतून गाडी गेली असेल तर त्याच दिवशी तळ गोड्या पाण्याने धुवा, पण जोराचा फवारा बूट आणि वायरच्या सॉकेटवर मारू नका.

स्टिअरिंग मध्येच जड झालं, अडकायला लागलं, वळवलं तरी चाक उशिरा ऐकतंय, किंवा स्टिअरिंगचा दिवा पेटलाय, अशा वेळी आवाज छोटा असला तरी गाडी आंबा घाटात किंवा कशेडीत घालू नका. टो करून जवळच्या गॅरेजला न्या.