हवा फिरेल त्या दिवसासाठी: लांब पल्ल्याच्या डोंगरवाटेची तयारी

तयारीला बसाल तेव्हा आधी कॅलेंडर उघडा, सॅक नंतर. दर आठ-दहा दिवसांच्या चालीमागे एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा आणि उंच खिंडीच्या अलीकडे दोन. या राखीव दिवसांचं खाणं आणि इंधनही पाठीवर असलं पाहिजे, नाहीतर ते दिवस फक्त कागदावर राखीव राहतात. परतीचं तिकीट, संपत आलेली परवान्याची मुदत, पुढच्या मुक्कामाचं आगाऊ बुकिंग, या गोष्टी माणसाला वाईट हवेत बाहेर काढतात. ज्याला थांबता येतं त्याला बहुतेक वादळं तंबूत किंवा निवाऱ्यात बसून काढता येतात. म्हणून या यादीतली सगळ्यात मोलाची वस्तू मी राखीव दिवस हीच मानतो.

अंदाज पाहताना गावाचा पाहू नका, माथ्याच्या उंचीचा पाहा. दर हजार मीटर चढाईमागे तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. खाली दरीत १५ अंश असतील तर दीड हजार मीटर वरच्या खिंडीत पाचच्या आसपास उरतात. तिथे ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ती हवा उणे १ अंशासारखी लागते. अंग ओलं असेल तर त्याहून वाईट. वाऱ्याचा आकडा म्हणूनच पावसाइतक्याच काळजीने वाचायचा. वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो, आणि अरुंद धारेवर तो धक्का मोठी सॅक घेतलेल्या माणसाला आधी बसतो. दोन-तीन दिवसांपलीकडचा डोंगरातला अंदाज नुसता कल म्हणून धरा. महिनाभराच्या वाटेवर निघताना पाहिलेला अंदाज कामाचा राहत नाही. तो पुन्हा कुठे आणि कसा मिळेल, सॅटेलाइट मेसेंजरवर (मोबाईलची रेंज नसतानाही उपग्रहामार्फत निरोप देणारं-घेणारं यंत्र) की वाटेतल्या निवाऱ्यात, हे आधीच ठरवून लिहून ठेवा.

ऋतू चांगला आहे, एवढ्यावर विसंबू नका. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये नेपाळमध्ये अन्नपूर्णा परिक्रमेच्या वाटेवर थोरोंग ला या ५,४१६ मीटर उंचीच्या खिंडीच्या परिसरात हिमवादळ झालं. ऑक्टोबर हा तिथे मोकळ्या आभाळाचा, ट्रेकिंगच्या भर हंगामाचा महिना. त्या वादळात आणि हिमस्खलनांत ४० हून अधिक माणसं गेली. कारण होतं ‘हुदहुद’ चक्रीवादळ, जे दोनच दिवस आधी विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं होतं. तेव्हा तपासताना फक्त आपल्या डोंगरावरचे ढग पाहून भागत नाही. शेकडो किलोमीटरवरच्या समुद्रात काय चाललंय तेही यादीत घ्या.

वाटेवर असताना आभाळ वाचायची सवय लावा. शिखरावर भिंगाच्या आकाराचा ढग स्थिर दिसला तर वर जोराचा वारा आहे. सकाळीच गोळा होऊन उभे वाढत जाणारे ढग दुपारच्या गडगडाटाची आगाऊ सूचना देतात. मनगटावर हवेच्या दाबावरून उंची दाखवणारं घड्याळ असेल तर मुक्कामी पोचल्यावर आकडा टिपून ठेवा. तंबू जागचा हललेला नसताना सकाळी तोच आकडा ४०-५० मीटरने वाढलेला दिसला, तर हवेचा दाब उतरलाय आणि हवा बिघडायच्या बेतात आहे.

आता कपडे. इथे मी जरा अडून बसणार आहे, कारण डोंगरात थंडीने जाणारे सगळेच बर्फात जात नाहीत. पाऊस, वारा आणि थकवा एकत्र आले की शून्याच्या वरही शरीराचा आतला पारा ३५ अंशांखाली घसरू शकतो. २०२१ च्या मे महिन्यात चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत १७२ धावपटू होते. अचानक गारा, थंडगार पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुरू झाला, अंगावर पातळ कपडे होते, आणि २१ जणांचा जीव गेला. हे सगळे तयारीचे, दमदार लोक होते.

म्हणून अंगालगत लोकर किंवा सिंथेटिक ठेवा. सुती कपडा भिजला की अंगावर चिकटून ऊब ओढून घेतो, तो आणूच नका. त्यावर फ्लीसचं (मऊ, उबदार सिंथेटिक कापडाचं) जॅकेट, आणि सगळ्यात वर टोपीचं पावसाळी जॅकेट आणि पँट. पोंचो झाडीत ठीक आहे, उघड्या धारेवर वारा तो डोक्यावर उलटवतो. पिसांचं जॅकेट ओलं झालं की फुगत नाही, त्यामुळे ओल्या मुलखात सिंथेटिक भरणाचं घ्या. पावसाळी जॅकेट काही आठवड्यांच्या चालीत सॅकच्या पट्ट्यांखाली घासून पाणी शोषू लागतं, म्हणून मधल्या थांब्यावर त्यावर पाणी ओतून पाहा.

झोपायचा एक कोरडा जोड, मोज्यांसकट, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बांधा. तो दिवसा चालताना कधीही घालायचा नाही. सकाळी कालचे ओले कपडे पुन्हा अंगावर चढवणं जिवावर येतं, तरीही तेच चढवा. हातमोज्यांचे दोन जोड हवेत, कारण बोटं बधिर झाली की चेन लागत नाही, तंबूची दोरी बांधता येत नाही आणि काडीही पेटत नाही. पावसाळी कपडे सॅकच्या अगदी वर ठेवा आणि अंग भिजायच्या आधी घाला.

सोबत्यांनाही गारठ्याची लक्षणं आधीच सांगून ठेवा. न थांबणारी हुडहुडी, अडखळणारे पाय, जड झालेली जीभ, आणि ‘मी ठीक आहे’ असं चिडून सांगणं. कुडकुडणं थांबलं पण माणूस सुस्तच असेल, तर प्रकृती सुधारलेली नाही, आणखी बिघडली आहे. तंबू उभा करा, ओलं उतरवा, कोरडं चढवा, खाली मॅट घाला आणि स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. पूर्ण शुद्धीत असेल आणि नीट गिळत असेल तरच गरम गोड काहीतरी पाजा. हातपाय चोळू नका, दारू देऊ नका.

दुपारच्या गडगडाटात पडणाऱ्या विजेचा हिशोब वेळापत्रकातच घालून टाका. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा अजून कामाला येतो: सपाटीला ताशी ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. जड सॅक आणि थकवा यांसाठी त्यात भर घाला आणि दुपारच्या आधी खिंड ओलांडून खाली असाल अशा बेताने पहाटे निघा. लखलखाट आणि गडगडाट यांत ३० सेकंद किंवा त्याहून कमी अंतर पडलं तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. त्या क्षणी माथा आणि धार सोडा. एकट्या झाडाखाली, कपारीच्या तोंडाशी थांबू नका. तंबूही विजेपासून वाचवत नाही. गट असेल तर एकमेकांत निदान १५-२० मीटर अंतर ठेवा, म्हणजे एकाला झटका बसला तरी बाकीचे मदतीला उरतील. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या, मगच वर चढा.

ओढे आणि बर्फाचे उतार यांबाबत थोडक्यात सांगतो. हिमनदीचं पाणी पहाटे सर्वांत कमी असतं, तेव्हाच उतरा. पावसाने फुगलेला ओढा बहुधा काही तासांत ओसरतो, तेवढं थांबा. पाण्यात शिरताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडा. नव्या बर्फानंतर एक-दोन दिवस ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर आणि त्यांच्या खालीही जाऊ नका.

किरकोळ वाटणाऱ्या पण अडवणाऱ्या गोष्टी: फोन, बॅटऱ्या आणि पाण्याचा फिल्टर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा गोठला की भरवशाचा राहत नाही. गॅसच्या डब्यात नुसता ब्युटेन असेल तर शून्याच्या आसपास तो नीट पेटत नाही, आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्या. नकाशा कागदावरही हवा. हेडटॉर्च प्रत्येकाची वेगळी. शिट्टी खांद्याच्या पट्टीला बांधा. मिनिटात ६ शिट्ट्या, मग मिनिटभर शांतता, ही डोंगरातली मदतीची हाक.

निघायच्या आदल्या रात्री तीन ओळी लिहा. खिंडीखाली किती वाजेपर्यंत पोचलो नाही तर परत फिरायचं, कसा वारा किंवा कसलं आभाळ दिसलं तर निघायचंच नाही, आणि खाली उतरायची दुसरी वाट कोणती. गटातल्या कुणीही ‘परत’ म्हटलं की वाद न घालता फिरायचं, हेही तेव्हाच कबूल करून घ्या. थकलेलं आणि गारठलेलं डोकं माथा जवळ दिसत असताना हे ठरवू शकत नाही. त्या कागदाची एक प्रत घरच्या एका माणसाकडे द्या. त्यावर रोजचे मुक्काम, राखीव दिवस, तंबूचा आणि जॅकेटचा रंग, तिथल्या बचाव पथकाचा नंबर, आणि कोणत्या तारखेला किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर तो नंबर फिरवायचा, हे स्पष्ट लिहा.