फॉरेस्ट्रीत मास्टर्स करायला बाहेर चाललाय? या चुका टाळा

गेल्या महिन्यात शिराळ्याकडच्या एका पोराचा फोन आला, दादा फिनलंडला ॲडमिशन झालंय, आता पुढं काय काय करू. अभिनंदन वगैरे झालं आणि मग सहज विचारलं की कोर्स नेमका कशाचा आहे, तर म्हणतोय "फॉरेस्ट्रीच की". म्हटलं सिलॅबस उघड, फोनवरच वाचू. वाचत गेलो तसा तो गप्प होत गेला, कारण त्यात अर्ध्याहून जास्त लाकूड तोडणी, वाहतूक, बाजारभाव आणि प्लॅनिंग होतं, आणि ह्या पठ्ठ्यानं दोन वर्षं चांदोलीच्या कडेच्या गावांत गव्यांनी केलेल्या पीक नुकसानीवर काम केलेलं.

हीच पहिली आणि सगळ्यात महागातली चूक. आपल्याकडं फॉरेस्ट म्हटलं की डोळ्यासमोर येतं कोयना, चांदोली, वाघ, गार्ड, चौकी. तिकडं बऱ्याच देशांत फॉरेस्ट्री म्हणजे सरळ शेती आहे, फक्त पीक साठ-सत्तर वर्षांनी काढायचं. फिनलंडची तीन चतुर्थांश जमीन जंगलाखाली आहे आणि त्यातलं बरंचसं साध्या कुटुंबांच्या मालकीचं. आपल्याकडं ऊस कसा, कारखान्याची तारीख येते, टोळी येते, ट्रॉली भरून जाते, तसंच तिकडं लाकडाचं, फक्त टोळीच्या जागी हार्वेस्टर मशीन येतं, उभं झाड कापून फांद्या सोलून मापाचे ओंडके करून ठेवतं आणि मागनं फॉरवर्डर ते उचलून रस्त्याला आणतो. झाडं मुख्यतः तीनच, पाइन, स्प्रूस, बर्च. हे वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, ज्याला टिंबरमध्ये, मशीनमध्ये, सप्लाय चेनमध्ये रस आहे त्याच्यासाठी सोनं आहे. पण अंजनी, जांभूळ, पिसा ह्या झाडांचं जंगल बघून ज्याला ह्या विषयाचं वेड लागलं, त्याला दोन वर्षं स्प्रूसच्या रांगा मोजायला लावल्या की तो कंटाळतोच.

म्हणून युनिव्हर्सिटीचं नाव नंतर, आधी कुठलं जंगल आणि कुठलं काम ते ठरवा. ट्रॉपिकल जंगलासाठी जर्मनीत गॉटिंगेनला ट्रॉपिकल अँड इंटरनॅशनल फॉरेस्ट्री आहे, ड्रेस्डेनच्या थारांटला ट्रॉपिकल फॉरेस्ट्री आहे, दोन्ही इंग्लिशमध्ये. नेदरलँड्सच्या वागेनिंगेनला फॉरेस्ट अँड नेचर कॉन्झर्व्हेशन, तिथं संवर्धन आणि माणसं-जंगल संबंध ह्यावर भर देता येतो. न्यूझीलंडला कँटरबरी, पण तिथली लागवड जवळपास सगळी रेडिएटा पाइनची हे डोक्यात ठेवा. कॅनडात व्हँकुव्हरच्या यूबीसीला (युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबिया) एक वर्षाच्या आतले कोर्स-बेस्ड मास्टर्स आहेत, थिसिस नाही, नोकरीसाठी मस्त, पण पुढं पीएचडी करायची असेल तर थिसिसवालाच घ्या. अमेरिकेत येलला दोन वर्षांचा मास्टर ऑफ फॉरेस्ट्री आहे, फी बघून घरी सांगायची हिंमत मात्र पाहिजे.

आता एजंट. सांगली म्हणा पुणे म्हणा, ऑफिसला गेलात की समोरचा माणूस फॉरेस्ट्री शब्द ऐकून जरा थांबतो आणि मग एन्व्हायर्नमेंटल मॅनेजमेंटचं ब्रोशर पुढं सरकवतो. माझ्यासमोर असंच झालं. त्याला कमिशन ज्या कॉलेजकडनं मिळतं तेच तो दाखवणार, त्याचा धंदा आहे तो. पण ह्या विषयाची चांगली कॉलेजं बहुतेक सरकारी, छोट्या गावातली, त्यांना एजंटची गरजच नसते. अर्ज स्वतः भरा, अवघड काही नाही, वेळखाऊ आहे.

मार्कांचं एक कोणीच सांगत नाही. जर्मनीत आपला सीजीपीए त्यांच्या १ ते ४ च्या स्केलवर बदलतात, त्यात १ म्हणजे बेस्ट. फॉर्म्युला असा, जास्तीत जास्त गुणातून तुमचे गुण वजा करा, त्याला जास्तीत जास्त वजा पासिंग ह्यानं भागा, तीननं गुणा, एक मिळवा. समजा ७.६ सीजीपीए आहे. पासिंग ५ धरलं तर येतात २.४४. पासिंग ४ धरलं तर २.२. आणि बऱ्याच ठिकाणी मर्यादा २.५ ची, म्हणजे काठावरच्या पोराचं सगळं त्या पासिंगच्या एका आकड्यावर. तो आकडा मार्कशीटवर छापलेला नसेल तर तिकडचा माणूस त्याच्या मनानं धरणार, म्हणून आपल्या विद्यापीठाकडनं ग्रेडिंग स्केलचं पत्र आधीच काढून ठेवा. मला त्या एका पत्रासाठी चार हेलपाटे पडले, एकदा साहेब रजेवर, एकदा शिक्का कपाटात आणि किल्ली दुसऱ्याकडं.

तीन वर्षांची बीएस्सी बॉटनी वाल्यांनी अजून एक बघायचं, अमेरिका-कॅनडात बऱ्याच ठिकाणी चार वर्षांची पदवी मागतात. दापोली किंवा अकोल्याच्या बीएस्सी फॉरेस्ट्रीवाल्यांना आणि ॲग्रीवाल्यांना हा प्रॉब्लेम येत नाही, त्यांची चारच असतात.

आणि नाव! आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, पासपोर्टवर वेगळं, आधारवर अजून तिसरं, आणि एखाद्या कागदावर पाटीलचं स्पेलिंग डबल टी. तिकडच्या क्लार्कला हे तीन वेगळे लोक वाटतात. अर्जात पासपोर्टप्रमाणेच नाव टाका आणि ह्या सगळ्या नावांची व्यक्ती एकच असल्याचं ॲफिडेव्हिट करून ठेवा. जर्मनीसाठी नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना एपीएस सर्टिफिकेट (आपली मार्कशीट-पदवी खरी आहे हे तपासून दिलेला दाखला) लागतं, ते ॲडमिशनची वाट न बघता आधीच अर्ज टाकून ठेवायचं, पोरं लेटर आल्यावर जागी होतात आणि मग व्हिसाची तारीख हुकते.

पैशाचं जरा सविस्तर सांगतो कारण आपल्या भागातली पोरं इथंच अडकतात. जर्मनीत सरकारी युनिव्हर्सिटीला फी नसते हे खरं, पण सगळीकडं नाही, फ्रायबुर्ग ज्या राज्यात येतं तिथं युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. गॉटिंगेनला ती नाही, फक्त सेमिस्टरची वर्गणी ४०० युरोच्या आसपास. पण फी नाही म्हणजे खर्च नाही असं नाही, व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून दाखवावे लागतात, महिन्याला ९९२ प्रमाणं तेच परत मिळतात. रुपयात हिशोब करा, दहा लाखाच्या पुढंच जातं.

आमचे वडील म्हणाले चार एकर बागायत आहे, बँक दारात येऊन लोन देईल. बँकेत गेलो. साहेबांनी सातबारा बघितला, चांगला आहे म्हणाले, आणि परत दिला. शेतजमीन एज्युकेशन लोनला तारण चालत नाही. कारण साधं आहे, बँका ज्या सरफेसी कायद्यानं तारण विकून वसुली करतात तो शेतजमिनीला लागूच होत नाही. मग घर दाखवलं, तर ते गावठाणातलं, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, प्रॉपर्टी कार्ड नाही, मंजूर नकाशा नाही. ते पण नाही. शेवटी विट्यातल्या मामांचा एनए प्लॉट कामाला आला, त्यावर मामींचं पण नाव, म्हणजे दोघांना बँकेत घेऊन जायचं आणि मामींना आधी पटवायचं, ह्यात दीड महिना गेला. तेव्हा ज्याच्या घरात फक्त शेती आहे त्यानं अर्ज करायच्या आधी, हो आधी, घरातल्या कुणाकडं एनए प्लॉट किंवा एफडी आहे ते शोधा. सरकारी बँकांत साडेसात लाखापर्यंत तारणाशिवाय होतं, त्यात किती भागतंय ते बघा. आणि सँक्शन लेटरमध्ये ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम एकरकमी सोडायची असं लिहून घ्या, नाहीतर बँक सेमिस्टरला थोडे थोडे सोडते आणि व्हिसावाला पूर्ण मागतो.

स्कॉलरशिपमध्ये दोन फसगती ठरलेल्या. डाड (डीएएडी, जर्मनीची शिष्यवृत्ती देणारी संस्था) हिची विकसनशील देशांसाठीची स्कॉलरशिप फ्रेशरला नसते, पदवीनंतर किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी पण चालत नाही. दुसरी, राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्तींना जागतिक क्रमवारीची अट असते, आणि ती क्रमवारी पूर्ण युनिव्हर्सिटीची, विषयाची नाही. त्यामुळं जर्मनीतल्या एबर्सवाल्डेसारखं कॉलेज, जिथं जंगल आणि पर्यावरण सोडून दुसरं फारसं काही शिकवतच नाहीत, ते ह्या अटीत बसत नाही. शिष्यवृत्तीची यादी आधी आणि कॉलेज नंतर, हा क्रम ठेवा.

एसओपी, म्हणजे अर्जासोबत स्वतःबद्दल आणि कोर्स का करायचा त्याबद्दल लिहायचं ते. "लहानपणापासून मला निसर्गाची आवड आहे" हे वाक्य लिहिलं असेल तर खोडा. आत्ता. जगातला प्रत्येक अर्जदार हेच लिहितो. तुम्ही सातारा-सांगलीचे आहात, तुमच्याकडं लिहायला किती आहे बघा की. ऊसतोडीत फडात बिबट्याची पिल्लं सापडतात आणि तोड थांबते, सागरेश्वर हे साधारण ११ चौरस किलोमीटरचं माणसांनी झाडं लावून उभं केलेलं अभयारण्य आणि त्याच्या कुंपणाबाहेर हरणं पिकात येतात, कासला गर्दी वाढली म्हणून प्रवेशावर मर्यादा आली, चांदोलीतली गावं उठून खाली आली. ह्यातलं एक घ्या, त्यावर तुम्ही स्वतः काय केलं ते लिहा, चार दिवस सर्व्हे केला असेल तर चारच दिवस लिहा. माझ्या एका मित्रानं ब्रँडिसवर पॅराग्राफ लिहिला होता, १८६४ ला भारताचा पहिला वन महानिरीक्षक झालेला जर्मन माणूस, म्हणजे आमची फॉरेस्ट्री तुमच्याकडनंच आली वगैरे. वाचायला छान, पण त्यात तो स्वतः कुठंच नव्हता.

शिफारसपत्र जीमेलवरनं पाठवलं की बऱ्याच पोर्टलवर शंका घेतात. सरांचा कॉलेजचा ईमेल चालू आहे का ते अर्जाच्या आधी बघा, आमच्या सरांचा पासवर्ड २०१४ पासून कुणालाच माहीत नव्हता.

नातेवाईकांचं पण एक सांगून ठेवतो. परत आल्यावर डायरेक्ट आरएफओ (रेंज फॉरेस्ट ऑफिसर) होणार का, हा प्रश्न प्रत्येक लग्नात विचारला जाईल. नाही होणार. भारतीय वनसेवा असो की राज्याची वनसेवा, परीक्षा तीच, पात्रतेला इथली पदवी पुरते, परदेशी मास्टर्सला तिथं वेगळी लाइन नाही. ज्याला वर्दीच पाहिजे त्यानं पुस्तकं घेऊन बसावं, वीस लाख घालवू नयेत. ह्या डिग्रीनं जी कामं मिळतात ती वेगळी, रिमोट सेन्सिंग, कार्बन प्रोजेक्ट, एफएससीचं (लाकूड नीट सांभाळलेल्या जंगलातलं आहे असं प्रमाणपत्र देणारी संस्था) ऑडिट, आणि आता युरोपच्या २०२३ च्या जंगलतोडविरोधी नियमामुळं कॉफी, रबर, लाकूड कुठनं आलं ते शोधायचं काम, त्याची अंमलबजावणी पुढं ढकलत चाललेत तो भाग वेगळा. जर्मनीत कोर्स संपल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, पण तिकडच्या वनखात्यात जर्मन भाषेशिवाय कुणी उभं करत नाही, आणि भाषा शेवटच्या सेमिस्टरला सुरू करून येत नसते.

जायच्या आधी आर (स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर) आणि क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) शिकून जा, इथं फुकट शिकता येतं, तिकडं पहिल्याच सेमिस्टरला स्टॅटिस्टिक्सचा पेपर आरवर असतो आणि मी त्यात नापास झालोय. फील्डला जाताना पँट मोज्यात खोचा. आपल्याकडं कोयनेत जळू लागली की मीठ टाकून मोकळे, तिकडचं गोचीड तसं नाही, चावलेलं कळत नाही आणि लाइम नावाचा आजार देऊन जातं, रोज संध्याकाळी अंग तपासायचं आणि दिसलं की चिमट्यानं सरळ ओढून काढायचं, तेल-बिल लावत बसायचं नाही.

आणि झाडाचा घेर मोजताना, आपण छातीची उंची (जमिनीपासून जिथं माप घ्यायचं ती) १.३७ मीटर धरतो, युरोपात १.३०, न्यूझीलंडला १.४०. मी सवयीनं १.३७ ला अख्खा प्लॉट मोजला, बीच नावाची दोनशेच्या वर झाडं, ऑक्टोबरच्या पावसात. सुपरवायझर बाईंनी माझ्या काठीवरची खूण बघितली, काही बोलल्या नाहीत, फक्त डेटा शीटचा नवा कोरा गठ्ठा हातात दिला.