कपडे वाळत घालायची तार: माझा अनुभव

अंगणात कपडे वाळत घालण्यासाठी मी आधी नायलॉनची दोरी बांधली होती; पण ओली चादर टाकताच ती मधोमध झोळीसारखी लोंबत असे आणि उन्हाने तिचे तंतू ठिसूळ होऊन हाताला टोचू लागले. नंतर प्लास्टिकचे आवरण असलेली तार आणली, तर कापलेल्या टोकातून पाणी आत शिरले आणि एके दिवशी पांढऱ्या सदऱ्यावर गंजाची तपकिरी रेघ उमटली. (तो सदरा आता पुसायला वापरतो.) अखेर ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची, ३ मिलिमीटर जाडीची पीळदार तार घेतली आणि हूकही त्याच धातूचे बसवले, कारण साध्या लोखंडी हुकाचा गंज ओघळून तारेवर उतरतो. एका टोकाला टर्नबकल, म्हणजे फिरवून तार ताणता येणारा आट्यांचा जोड, आहे. तार सैल वाटली की मी तो दोन वेढे फिरवतो.