होम थिएटरचा आवाज किती ठेवायचा

"काका, आवाज तीसवर ठेवू की चाळीसवर?" असा फोन मला आठवड्याला एक तरी येतोच. मी बेळगावातल्या शहापूरचा. गेली २२ वर्षं बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात घरोघरी होम थिएटर बसवून देतो. त्याआधी पोरवयात एका मंडपवाल्याकडं बॉक्स उचलायला होतो. फोनवर मी कुणालाच आकडा सांगत नाही. तोच ॲम्प्लिफायर टिळकवाडीतल्या बंगल्याच्या मोठ्या हॉलमध्ये तीसवर बारीक वाटतो आणि आमच्या गल्लीतल्या दहा बाय बाराच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, तीसवर कान फोडतो. आकडा ज्याचा त्यानं आपल्या घरात बसून काढायचा असतो. तो कसा काढायचा, ते सांगतो.

सिनेमातला असा प्रसंग निवडा की दोन माणसं घरात बसून साधं बोलताहेत. मागं संगीत नाही, गाड्या नाहीत, पाऊस नाही. रोज जिथं बसता तिथंच बसा. रोज पंखा लावत असाल तर पंखा लावा, खिडकी उघडी असते तर उघडीच राहू द्या. आवाज अगदी खाली आणा, डोळे मिटा आणि एकेक पायरी वर चढत जा. एका टप्प्यावर वाटेल की ते माणूस समोरच्या खुर्चीवर बसून आपल्याशी बोलतंय. कुजबुजत नाही, ओरडतही नाही. तिथं थांबा. तो आकडा चिठ्ठीवर लिहा आणि चिकटपट्टीनं रिमोटच्या पाठीला लावा. ही तुमची खूण.

बहुतेक लोक याच्या उलट करतात. नवीन सिस्टीम आली की शेजारपाजारचे बघायला येतात, चहा होतो, हाणामारीचा प्रसंग लावला जातो आणि सगळ्यांना भिंत हादरलेली अनुभवायची असते. त्या संध्याकाळी वाढवलेला आवाज पुढं महिनोन्महिने तसाच राहतो. जुळवणी बोलण्यावर करायची. दणका आपोआप आपल्या जागी बसतो.

खूण मिळाली की त्याच आवाजावर सगळ्यात दणक्याचा प्रसंग लावा आणि हातभर अंतरावर बसलेल्या माणसाशी काहीतरी बोला. त्याला कळावं म्हणून तुम्हाला आवाज चढवावा लागला, तर खोलीतला आवाज ८५ डेसिबलच्या आसपास किंवा त्याच्या वर गेलाय असं धरा. पाच-दहा सेकंदांचा दणका असेल तर काही बिघडत नाही. अर्धा सिनेमा तसाच जात असेल तर खूण दोन-तीन पायऱ्या खाली घ्या.

रिसीव्हर म्हणजे सगळे स्पीकर जिथं जोडतात तो ॲम्प्लिफायरचा डबा. त्याच्या पडद्यावर -३०, -२० असे उणे आकडे दिसले की बरेच जण गोंधळतात. त्यातला ० म्हणजे थिएटरचा आवाज. जिथं सिनेमाचा आवाज मिसळला जातो, तिथं ठरावीक चाचणीच्या आवाजावर पडद्यामागचा एकेक स्पीकर ८५ डेसिबलला बसवलेला असतो. त्या हिशेबानं एका स्पीकरचा सगळ्यात मोठा दणका १०५ पर्यंत आणि वुफरच्या, म्हणजे खालचा भारी आवाज काढणाऱ्या स्पीकरच्या, वेगळ्या चॅनेलचा ११५ पर्यंत जाऊ शकतो. रिसीव्हरबरोबर आलेला माइक लावून मापं घेतली असतील, तर तुमच्या घरातला ० त्याच्याच जवळपास येतो. डेनॉन, मरांट्झ या कंपन्यांच्या रिसीव्हरमध्ये ० ते ९८ अशी पट्टी निवडली असेल तर तिच्यातला ८० म्हणजे हाच ०. पण थिएटर केवढं मोठं आणि आपला सोपा केवढा! इथं स्पीकर आठ-दहा फुटांवर, आणि भिंतीवर आपटून परत येणारा आवाज लगेच कानावर. तेवढेच डेसिबल लहान खोलीत जास्त अंगावर येतात. मी बसवलेल्या घरांत खूण बहुतेक वेळा -२५ ते -१५ च्या मध्ये निघते. -१५ वरसुद्धा दणका ९० पर्यंत आणि वुफर १०० पर्यंत जाऊ शकतो. गल्लीतल्या घराला हे भरपूर झालं.

केबलवरच्या वाहिन्यांचा आवाज मुळातच वर ओढलेला असतो. त्यासाठी वेगळी खूण काढा, वेगळी चिठ्ठी लावा. फोनवरच्या डेसिबल मोजायच्या ॲपवर फार विसंबू नका. फोनचा माइक खालचा बास नीट पकडत नाही. कालच्यापेक्षा आज किती, सोफ्यावर किती आणि खाटेवर किती, एवढी तुलना करायला ते चालतं.

आता कानाचं. मंडपवाल्याकडं असताना विसर्जनाच्या मिरवणुकीत मी रात्रभर बॉक्सच्या गाडीवरच बसून असायचो. पहाटे घरी आलो की कानात रातकिडे ओरडल्यासारखं व्हायचं आणि दुपारपर्यंत जायचं. एका वर्षी ते गेलंच नाही. डाव्या कानात ते अजून आहे. रात्री गल्ली शांत झाली की ऐकू येतं. कापसाचा बोळासुद्धा कुणी दिला नव्हता. म्हणून मी प्रत्येक घरात हा हिशेब सांगतो. तो नायॉश या अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा आहे: ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास, आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९४ ला १ तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. सिनेमा सगळा वेळ तेवढा मोठा नसतो हे खरं. पण आमच्या बेळगावच्या वडगाव-खासबागेत दिवसभर यंत्रमागावर उभा राहिलेला माणूस संध्याकाळी टीव्हीसमोर बसतो, तेव्हा त्याच्या कानाचा त्या दिवसाचा वाटा आधीच संपलेला असतो. यंत्रमागाच्या खोलीत ९० च्या वरचा आवाज ही रोजची गोष्ट आहे.

माझे बाबा ३१ वर्षं माग चालवत होते. घरी पहिलं होम थिएटर बसवलं तेव्हा ते दर दहा मिनिटांनी म्हणायचे, "वाढव की रे जरा, काय बोलालेत ते कळंना झालंय." मी वाढवायचो. आई बाहेर नळावरून ओरडायची, "हितं सगळं ऐकू येतंय, कमी कर!" आणि बाबांना तरीही कळायचं नाही. मला हे कोडं सुटायला बरीच वर्षं लागली. गोंगाटानं कान जातो तो आधी वरच्या पट्टीत, ४,००० हर्ट्झच्या आसपास. स, श, त, ट, क, फ ही व्यंजनं ओळखायला लागणारा आवाज बराचसा वरच्या पट्टीतच असतो. स्वर खालच्या पट्टीतले, ते शाबूत राहतात. म्हणून अशा माणसाला आवाज येतो, पण शब्द येत नाहीत. अशा वेळी मुख्य आवाज वाढवला की त्याबरोबर बास, संगीत, गाड्यांची घरघर सगळंच वाढतं आणि शब्द आणखी बुडतात.

हे कळलं त्या दिवशी मी मुख्य आवाज चार पायऱ्या खाली आणला. मग स्पीकर लेव्हलमध्ये जाऊन मधला, म्हणजे सेंटर स्पीकर ३ डेसिबलनं वर घेतला आणि वुफर ३ नं खाली. सेंटर स्पीकर शोकेसच्या कप्प्यात आत ढकललेला होता, शेजारी पितळी समई. समई काढली, स्पीकर कप्प्याच्या कडेपर्यंत पुढं ओढला आणि खाली पुठ्ठ्याची घडी घालून त्याचं तोंड बाबांच्या कानाच्या रोखानं थोडं वर केलं. तोच प्रसंग परत लावला. बाबा काही बोलले नाहीत. पडद्यावरची बाई एक वाक्य बोलली आणि ते वाक्य बाबांनी हळूच तसंच्या तसं म्हटलं. पुढचंही म्हटलं. मग आई आत येऊन बसली. नंतर त्यांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घेतली, कानाचं यंत्र घेतलं. पण पाच वर्षं मी नुसता आवाजच वाढवत बसलो होतो, याची खंत मला आजही आहे. तुमच्या घरात कुणी सारखं "वाढवा" म्हणत असेल तर आधी सेंटर बघा, आणि त्या माणसाचा कान तपासून घ्या.

शब्द न कळायचं आणखी एक कारण म्हणजे मोकळी खोली. खाली शहाबादी किंवा ग्रॅनाइट, वर स्लॅब, भिंती उघड्या. बोलणं घुमतं आणि हात रिमोटकडं जातो. एक जाड सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा लावून बघा. दोन पायऱ्या कमी आवाजात काम होतं.

वुफरला मात्र सतरंजी अडवत नाही. शहापुरातल्याच एका गल्लीत मी सिस्टीम बसवली होती, सामाईक भिंतीची जुनी घरं. चार दिवसांनी शेजारच्या काकूंनी मला रस्त्यात अडवलं. "अण्णा, ओळग बर्री," म्हणजे आत या, असं कानडीत म्हणाल्या आणि थेट स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. मांडणीवर ताटं उभी लावलेली होती. पलीकडं सिनेमा चालू होता. बोलण्याचा एक शब्द इकडं येत नव्हता, पण दर दणक्याला ताटं एकमेकांना लागून बारीक किणकिणत होती आणि ओट्यावरच्या तांब्यातल्या पाण्यावर वळं उठत होती. मी भिंतीला तळहात लावला. दीड फुटाची चिऱ्याची भिंत हाताला कळेल इतकी थरथरत होती. आतल्या खोलीत तीन महिन्यांचं बाळ होतं. वुफर मीच त्या भिंतीच्या कोपऱ्यात ठेवला होता, कारण तिथं तो दणदणीत वाजतो आणि गिऱ्हाईक खूश होतं.

४० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साडेआठ मीटर लांब असते. तिला पडदा, दार, भिंत यांची फारशी अडचण होत नाही. शेजाऱ्याला तुमच्या रिमोटवरचा आकडा ऐकू येत नाही, तुमचा वुफर ऐकू येतो. म्हणून वुफर सामाईक भिंतीपासून आणि कोपऱ्यापासून लांब घ्या. जागा शोधायची रीत सोपी आहे: वुफर आपल्या बसायच्या जागी ठेवा, बासचं गाणं लावा आणि भिंतीकडेनं गुडघ्यावर फिरत ऐका. जिथं बास भरीव पण न घुमता येतो, ती वुफरची जागा. खाली जाड रबराचे तुकडे घाला, म्हणजे फरशीतून जाणारा थोडा हादरा कमी होतो. त्या घरात मी वुफर दुसऱ्या बाजूला नेला, लेव्हल ४ डेसिबलनं उतरवली आणि परत काकूंच्या मांडणीसमोर जाऊन उभा राहिलो. ताटं गप्प होती. तुम्हीही हे करा. घरच्याला दणक्याचा प्रसंग लावायला सांगा आणि शेजारी जाऊन बसा. आधी सांगून गेलात तर चहा मिळतो आणि पुढची भांडणंही टळतात.

रात्रीसाठी वेगळी चिठ्ठी हवीच. आवाज कमी केला की आपल्या कानाला बास जास्तच कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकी संशोधकांनी हे १९३३ मध्येच मोजून मांडलं. म्हणून रात्री लोक आवाज उतरवतात आणि वुफर चढवतात, आणि नेमकं तेच भिंतीपलीकडं जातं. रिसीव्हरमध्ये डायनॅमिक ईक्यू असेल तर तेही कमी आवाजात बास उचलून धरतं. रात्री ते बंद करा. नाइट मोड चालू करा, त्यानं दणका दबतो आणि कुजबूज वर येते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. खासगी सिस्टीमचा आवाज आपल्या जागेच्या हद्दीवर त्याच्यापेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. रात्रीचे ते ५० डेसिबल म्हणजे समोरासमोर बसून केलेल्या साध्या बोलण्यापेक्षाही कमी.

वॉटच्या आकड्यांना भुलू नका. खोक्यावरचे हजारो वॉट पीएमपीओ, म्हणजे क्षणभराचा फुगवलेला आकडा, काही सांगत नाहीत; आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे वॉट, बघा. वॉट दुप्पट झाले तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. लहान ॲम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळला की आवाज फाटतो आणि आधी ट्विटर, म्हणजे वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर, जळतो. आवाज करकरीत, चिरका यायला लागला की लगेच खाली या, मग आकडा कितीही लहान असो.

आणि आपल्याकडचा पाऊस. जूनपासून कौलावर, पत्र्यावर धो धो सुरू झाला की बोलणं ऐकू येत नाही आणि आवाज आठ-दहा पायऱ्या वर जातो. पाऊस तासाभरात थांबतो, आवाज मात्र वरच राहतो, कारण कान तेवढ्यात त्याला सरावलेला असतो. पावसात सबटायटल लावा, फार तर सेंटर २ डेसिबलनं वर घ्या, आणि सर ओसरली की रिमोट उलटा करून चिठ्ठी बघा. दिवाळीच्या रंगकामात सोफा किंवा स्पीकर हलले असतील तर जुनी चिठ्ठी काढून टाका आणि त्याच साध्या बोलण्याच्या प्रसंगावर खूण नव्यानं काढा.