डीजे वाजवताना लॅपटॉपचा आवाज तुटतोय? नवा लॅपटॉप घेण्याआधी हे करून पाहा

गणपतीच्या दिवसांत बडोद्याच्या दांडिया बाजारातून डीजे वाजवणाऱ्या भाच्याचा फोन आला. "मामा, आवाज फाटतोय. दर अर्ध्या मिनिटाला कर्रर्र होतं. हा लॅपटॉप विकून मोठा घेऊ का?" लॅपटॉप नवाकोरा होता, त्यावर इंटेलच्या आय-७ प्रोसेसरचा शिक्का, आणि विंडोजचा भार दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर जेमतेम पाव भरलेला. मी त्याला विकू दिलं नाही. दोष वाय-फायच्या ड्रायव्हरचा, म्हणजे ते उपकरण विंडोजला जोडून देणाऱ्या प्रोग्रॅमचा निघाला आणि दुरुस्तीला एक रुपयाही लागला नाही. बडोद्यात गणपती संपले की नवरात्र आणि पाठोपाठ लग्नसराई येते, म्हणून त्या दिवशी आम्ही जे केलं ते क्रमाने लिहितो आहे.

आधी आवाज का तुटतो ते समजून घ्या. गाण्याच्या एका सेकंदात सहसा ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाची मोजलेली मापं असतात. डीजेचं सॉफ्टवेअर ते छोट्या छोट्या घासांत साउंड कार्डाकडे पाठवतं. या घासाला बफर म्हणतात. २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे ५.८ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात दोन्ही डेक (एकेक गाणं वाजवणारे दोन भाग), इफेक्ट, इक्वलायझर सगळ्यांचं काम उरकून पुढचा घास तयार हवा. एकदा जरी उशीर झाला की कर्रर्र. पंगतीसाठी भात भरपूर शिजलेला असतो, पण वाढपी वाटेत कुणाशी बोलत थांबला तर ताट रिकामंच राहतं. टास्क मॅनेजर शिजलेला भात मोजतो, वाढप्याचा उशीर त्याला दिसत नाही. म्हणून पंचवीस टक्क्यांवरही आवाज तुटू शकतो.

पहिलं काम ड्रायव्हरचं. विंडोजवर कंट्रोलर (लॅपटॉपला जोडायची डीजेची बटणं-चकत्यांची पेटी, बहुधा साउंड कार्डही त्यातच) बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे आवाज कमी उशिरात पोचवणारा ड्रायव्हर, उतरवा आणि सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये तोच निवडा. एएसआयओ४ऑल हा कुठल्याही साउंड कार्डासाठीचा जुगाड आहे. कंट्रोलरला स्वतःचा ड्रायव्हर नसेल तरच वापरा. मॅकवर कोअर ऑडिओ ही आवाजाची यंत्रणा आधीपासून असते, त्यामुळे बहुतेक कंट्रोलर जोडले की चालतात.

आता वाढप्याला कोण थांबवतंय ते शोधा. यासाठी लेटन्सीमॉन नावाचं मोफत साधन आहे. इतर सगळं बंद करून ते दहा मिनिटं चालू ठेवा आणि ड्रायव्हर्सच्या टॅबमध्ये सर्वांत जास्त वेळ खाणारं नाव पाहा. एनडीआयएस वर असेल तर नेटवर्क, म्हणजे बहुधा वाय-फाय. एनव्हिडियाचं नाव वर असेल तर ग्राफिक्स. भाच्याच्या यादीत एनडीआयएस सगळ्यात वर होतं. डिव्हाइस मॅनेजरमधून वाय-फाय बंद करून पुन्हा मोजलं तेव्हा लाल पट्टी हिरवी झाली. नंतर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरून ताजा ड्रायव्हर घातला, तरी कार्यक्रमात वाय-फाय आणि ब्लूटूथ बंदच ठेव असं मी त्याला बजावलं आहे. गाणी नेटवरून वाजवत असाल तर आदल्या दिवशी उतरवून घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा मोजा, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळणार नाही.

मग वीज आणि उष्णता. चार्जर लावूनच वाजवा. बॅटरीवर लॅपटॉप स्वतःचा वेग उतरवतो. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा, त्याच्या प्रगत सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवणारी सोय) बंद करा. कंट्रोलरची वायर हबमध्ये न खुपसता थेट लॅपटॉपला लावा. आणि मंडपातल्या टेबलावर अंथरलेलं ते मखमली कापड! लॅपटॉपच्या पोटातून हवा आत जाते, ती कापडाने बंद होते. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो, त्यात हे. तापलेला प्रोसेसर जीव वाचवायला वेग कमी करतो. टास्क मॅनेजरमध्ये गिगाहर्ट्‌झचा आकडा तीनच्या वरून एकच्या आसपास येऊन तिथेच रुतला, तर हेच झालं आहे. स्टँड घ्या, वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्या.

बफर शेवटी हलवा. ५१२ पासून सुरू करा, म्हणजे ११.६ मिलिसेकंद. आवाज स्वच्छ असेल तर २५६, मग १२८. जिथे तुटेल तिथून एक पायरी वर या. स्क्रॅच करणाऱ्याला, म्हणजे चकती मागेपुढे घासून वाजवणाऱ्याला, मोठ्या बफरचा उशीर बोटांना जाणवतो, त्याला २५६ च्या खाली जावंसं वाटणारच. विसर्जनाला किंवा संगीताला गाणी जोडून वाजवणाऱ्याने ५१२ वर निश्चिंत राहावं. गाण्यातून गायकाचा आवाज वेगळा काढणारं स्टेम्स हे सध्याचं सगळ्यात भारी काम. ते चालू केल्यावरच तुटत असेल तर ती गाणी आधी तयार करून ठेवण्याची सोय तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे का पाहा.

एवढं करूनही भागलं नाही तरच नवा लॅपटॉप. तेव्हा शिक्क्यावरच्या सातला भुलू नका, मॉडेलच्या शेवटचं अक्षर वाचा. आय-७ १२५५यू मध्ये दहा कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) आहेत, पण जोरकस फक्त दोन, बाकी आठ वीज वाचवणारे. आय-५ १२४५०एच मध्ये आठच कोअर, पण जोरकस चार. डीजेच्या कामाला मी दुसरा घेईन. जुना सेलेरॉन किंवा पेंटियम स्वस्तात मिळत असेल तर त्यात एव्हीएक्स (आकडेमोड झपाट्याने करण्याची सोय) आहे का ते तपासा. २०११ पासून इंटेलच्या कोअर मालिकेत ही सोय आली, पण स्वस्त चिप्समध्ये ती बरीच वर्षं नव्हती, आणि काही नवी सॉफ्टवेअर तिच्याशिवाय चालत नाहीत.

सगळ्यात मोठी फसगत होते ती इंटेलऐवजी क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन चिप असलेल्या विंडोज लॅपटॉपमध्ये. इंटेलसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर त्यावर भाषांतर होऊन चालतं, ड्रायव्हरचं मात्र तसं भाषांतर होत नाही. त्या चिपसाठी वेगळा ड्रायव्हर कंपनीने काढला नसेल तर सॉफ्टवेअर उघडेल आणि कंट्रोलरचा एएसआयओ ड्रायव्हर बसणारच नाही. २०२० च्या अखेरीस आलेल्या ॲपलच्या एम-१ आणि त्यापुढच्या मॅकवर रोझेटा नावाचं ॲपलचं भाषांतराचं साधन इंटेलसाठी लिहिलेली जुनी सॉफ्टवेअर चालवतं, पण जुने कर्नल ड्रायव्हर (सिस्टिमच्या गाभ्यात बसणारे) तिथेही चालत नाहीत. दुकानात पैसे मोजण्याआधी कंट्रोलरच्या कंपनीच्या पानावर तुमचं मॉडेल आणि ती चिप दोन्ही एकत्र लिहिलेली सापडली पाहिजेत.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी घरी तोच कंट्रोलर, तीच वायर आणि तोच चार्जर लावून सलग दोन तास वाजवा, सगळे डेक आणि इफेक्ट चालू ठेवून. विंडोज अपडेट आठवडाभर थांबवून ठेवा. भाच्याने तेवढं केलं आणि नवलखी मैदानाच्या वाटेवर विसर्जनाला रात्रभर वाजवलं, त्याच लॅपटॉपवर.