गाण्याच्या अंकाचे रूप वाचक पाहून कसे ठरवावे

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) खंजिरी भजनाची परंपरा जपणारी मंडळे विदर्भातल्या गावोगावी आहेत आणि पुण्यतिथीच्या किंवा दिवाळीच्या निमित्ताने भजनांचा, मुलाखतींचा, कार्यक्रमांच्या वृत्तांताचा एखादा अंक काढण्याची हौसही त्यांना आहे. तालुक्याच्या गावी अक्षरजुळणीचे काम करताना असे बरेच अंक माझ्या हातून गेले. मंडळाची माणसे मजकुराची वही घेऊन येतात, टेबलावर ठेवतात आणि ‘चांगले डिझाइन करून द्या’ असे सांगतात. हा अंक कोण वाचणार, कुठे बसून वाचणार आणि वाचताना त्याचे हात मोकळे असणार की नाही, हे प्रश्न सहसा विचारलेच जात नाहीत. माझ्या मते अंकाचे सगळे रूप याच तीन प्रश्नांच्या उत्तरांतून निघते, म्हणून हे मार्गदर्शन तिथूनच सुरू करतो.

सुरुवातीच्या एका भजन-अंकात मी मोठी चूक केली होती. पाने वाचवण्यासाठी मी भजने दोन स्तंभांत लावली, अक्षर ११ पॉइंटचे ठेवले आणि एका लांब भजनाचे तिसरे कडवे पानामागे गेले. प्रकाशनाच्या रात्री मुख्य गायक मांडी घालून बसले, डाव्या हातात खंजिरी धरली, उजव्या हाताने ठेका धरला आणि नवा कोरा अंक समोर सतरंजीवर उघडून ठेवला. दुसरे कडवे संपता संपता त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि तबल्याच्या आवाजातच म्हणाले, “दोन्ही हात गुतले, आता पान कोन पलटवनार भाऊ?” शेजारच्या टाळकऱ्याने पान उलटले, पण कोरा अंक हात काढताच पुन्हा मिटला आणि पुढचे कडवे त्यांना आठवेल तसे म्हणावे लागले. मुखपृष्ठ सुंदर झाले होते, कागद गुळगुळीत होता, तरी ज्याच्यासाठी अंक काढला त्याच्याच कामाला तो आला नाही.

जगातल्या नावाजलेल्या संगीत-मासिकांकडे या नजरेने पाहिले की बऱ्याच गोष्टी उलगडतात. ‘रोलिंग स्टोन’ १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोत निघाले तेव्हा ते वर्तमानपत्राच्या कागदावर छापून घडी घालून विकले जात असे. तरुण वाचकाला परवडणारे आणि बातमीची धार असलेले असे ते रूप होते. लंडनहून १९२३ साली सुरू झालेल्या ‘ग्रामोफोन’चा वाचक शास्त्रीय संगीताच्या तबकड्या जमवणारा होता, म्हणून त्याच्या परीक्षणांची मांडणी संगीताच्या प्रकारांनुसार होत आली. १९७८ च्या ‘स्मॅश हिट्स’चा वाचक शाळकरी वयाचा, त्यामुळे गाजत्या गाण्यांचे शब्द, भडक रंग आणि भिंतीवर लावण्याजोगी चित्रे त्यात असत. १९८१ साली निघालेल्या ‘केरँग’ने तर गिटारच्या दणक्याचा आवाजच नाव म्हणून घेतला आणि नावाची अक्षरे तडा गेलेल्या काचेसारखी केली, हेवी मेटल ऐकणाऱ्या पोराला ते दुरूनच आपले वाटत असे. १९९३ च्या ‘मोजो’ने जुनी गाणी जपणारा प्रौढ वाचक धरला आणि त्याला लांब लेख व जुनी छायाचित्रे दिली.

अमेरिकेतल्या ‘रे गन’चे उदाहरण मला नेहमी विचारात पाडते. त्याचे कला-दिग्दर्शक डेव्हिड कार्सन यांना १९९४ साली गायक ब्रायन फेरी यांची एक मुलाखत कंटाळवाणी वाटली आणि त्यांनी ती अक्षरांऐवजी नुसत्या चिन्हांच्या फॉन्टमध्ये छापली. वाचता न येणारे पान त्या मासिकाच्या वाचकाने स्वीकारले, कारण प्रस्थापिताला धक्का देणे हाच त्याच्या संगीताचा स्वभाव होता. आमच्या गावच्या साठीतल्या गायकासमोर तसे पान ठेवणे मात्र अन्यायाचे होईल. मोठ्या मासिकांकडून उचलायची ती त्यांची वाचकाकडे पाहण्याची रीत. त्यांची सजावट जशीच्या तशी उचलली तर ती आपल्या अंकावर उपरी दिसते.

आधी वाचक ठरवावा

मंडळाच्या बैठकीत कोऱ्या कागदावर एकाच माणसाचे वर्णन लिहावे: वय, चष्मा आहे की नाही, अंक हातात केव्हा घेणार, कुठे ठेवणार. ‘सर्वांसाठी’ असे लिहू नये. तशा अंकाला चेहरा राहत नाही. आमच्या भागात मला प्रामुख्याने चार प्रकारचे वाचक दिसतात. पहिला मंडळात गाणारा कास्तकार, जो दिवसभर शेतात असतो आणि रात्री समाजमंदिरातल्या एका बल्बखाली वाचतो. दुसरा गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत-परीक्षांना बसणारा विद्यार्थी, ज्याला स्वरलिपी, म्हणजे गाण्याचे स्वर लिहून दाखवणारी मांडणी, हवी असते. तिसरा झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांचा आणि दंडार, खडी गमत या लोकनाट्यांचा शौकीन, ज्याला कलावंतांचे चेहरे आणि प्रयोगांच्या बातम्या पाहिजे असतात. चौथा भीमगीतांचा श्रोता, जो धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांपुढच्या गर्दीत उभ्याने पुस्तिका चाळतो. या चौघांना एकच अंक पुरा पडणार नाही; मुख्य वाचक एक निवडावा आणि उरलेल्यांना जमेल तेवढी जागा द्यावी.

आकार आणि पाने

उभ्याने चाळून पिशवीत टाकायच्या पुस्तिकेला ए-५ म्हणजे १४८ × २१० मिलिमीटरचा आकार सोयीचा पडतो. जमिनीवर ठेवून गायच्या अंकाला ए-४, म्हणजे २१० × २९७ मिलिमीटर, हाच बरा. मध्ये पिना मारून बांधायच्या अंकाची पाने चारच्या पटीत असावी लागतात, म्हणून १६, २०, २४ असा हिशेब आधी करावा आणि मग मजकूर निवडावा. मजकूर आधी ठरवून पाने मागाहून मोजली की शेवटी अक्षर बारीक करण्याची पाळी येते.

अशा अंकात समोरासमोरची दोन पाने एका सलग कागदाची असतात ती फक्त मधोमध. पिना तिथेच असल्याने अंक त्या जागी सपाट उघडतो आणि उघडाच राहतो. परदेशी मासिके मोठे चित्र तिथे छापतात ते याच कारणाने. आपण त्या जागी सर्वांत लांब भजन घालावे. बाकीची भजने एका पानात मावणारी किंवा समोरासमोरच्या दोन पानांत संपणारी असावीत. पान उलटून कडवे शोधावे लागेल अशी मांडणी एकदाही होऊ देऊ नये. त्यासाठी कुठे अर्धे पान कोरे राहिले तर खुशाल राहू द्यावे. कोरी जागा पाहून मंडळाची माणसे ‘इथे एखादी जाहिरात बसते’ असे म्हणतात, तेव्हा त्यांना नम्रपणे नाही म्हणावे.

अक्षर

या भागावर सर्वांत जास्त वेळ घालवावा, कारण गाण्याच्या अंकात वाचकाची खरी गाठ अक्षराशी असते. देवनागरीत वेलांट्या आणि मात्रा शिरोरेषेच्या वर जातात, उकार आणि जोडाक्षरांचे पाय खाली उतरतात, त्यामुळे तेवढ्याच पॉइंटचे मराठी अक्षर इंग्रजीपेक्षा लहान दिसते आणि ओळींमधले अंतर जास्त लागते. लेखांना १२ ते १३ पॉइंट पुरतात; जमिनीवर ठेवून वाचायच्या भजनाला १६ पॉइंटांपेक्षा कमी नको आणि ओळींतले अंतर अक्षराच्या दीडपट तरी ठेवावे. गाण्याची ओळ मध्येच तुटून खाली येऊ नये. ओळ मावत नसेल तर स्तंभ एकच करावा. धृपदाची ओळ ठळक अक्षरात घेऊन तिच्यापुढे ॥धृ॥ द्यावे आणि प्रत्येक कडव्याखाली धृपदाचे पहिले दोन शब्द पुन्हा छापावेत, म्हणजे टाळकऱ्यांना कुठे उचलायचे ते कळते.

फॉन्ट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ ही दोन अक्षरे आधी पाहावीत. पुष्कळ फॉन्टमध्ये ती हिंदी वळणाची असतात आणि जुन्या वाचकाच्या डोळ्याला खटकतात. ‘टिरो देवनागरी मराठी’सारख्या फॉन्टमध्ये ती मराठी वळणाची मिळतात. ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे ‘एक टाइप’ या मुंबईच्या संस्थेचे फॉन्ट मोफत आहेत. पहिला लेखांसाठी चांगला, दुसरा गुबगुबीत असल्याने मुलांच्या पानावर किंवा मथळ्याला शोभतो. एका अंकात दोनच फॉन्ट वापरावेत. इंग्रजी मासिके मथळा उठावदार करण्यासाठी सगळी मोठी अक्षरे वापरतात. देवनागरीत ती सोय नसल्याने आपला मथळा जाडी, आकार आणि भोवतालच्या मोकळ्या जागेवर उभा करावा लागतो.

स्वरलिपी छापणार असाल तर विशेष जपावे. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र (खालच्या) सप्तकाला खाली टिंब आणि तार (वरच्या) सप्तकाला वर टिंब असते. श्रीलिपी या जुन्या मराठी टंकन-प्रणालीतला मजकूर युनिकोडमध्ये बदलताना ही टिंबे आणि रेघा हमखास गळतात. एक टिंब गळाले की मंद्र निषाद मध्य सप्तकातला होतो आणि शिकणारा मुलगा चुकीचे गाणे पाठ करतो. म्हणून स्वरलिपीचे पान साध्या मजकुराप्रमाणे न लावता तक्ता करून लावावे, तालाच्या मात्रांचे रकाने एकसारख्या रुंदीचे ठेवावेत, सम (तालाची पहिली मात्रा) आणि काल (टाळी न देण्याची मात्रा) एकाखाली एक याव्यात, आणि मुद्रितशोधन हार्मोनियमवर वाजवून करावे. नुसत्या नजरेने ही चूक सापडत नाही.

मुखपृष्ठ आणि रंग

अंकाचे नाव गावच्या पेंटरकडून हाताने लिहून घ्यावे. दुकानांच्या पाट्या, ट्रकचे फाळके आणि शाळेच्या भिंती रंगवणाऱ्या माणसाच्या अक्षराला जी ऐट असते, ती संगणकावर मिळत नाही, आणि गावातल्या वाचकाची त्या अक्षराशी आधीचीच ओळख असते. एकदा ठरलेले नाव दरवर्षी त्याच वळणात छापावे. वीणा, तबला अक्षरांत घुसवण्याचा मोह आवरावा. शिरोरेषा तुटली की शब्द वाचायला वेळ लागतो.

मुखपृष्ठावर चेहरा एकच असावा. आमच्याकडे अध्यक्ष, सचिव, शुभेच्छुक आणि देणगीदार अशा सगळ्यांची छायाचित्रे पहिल्या पानावर हवी असतात आणि त्या बारा चौकोनांत गायक हरवतो. झाडीपट्टीच्या नाटकांची गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाकडून निघणारी पोस्टर्स चेहऱ्यांनी भरलेली असतात हे खरे, पण तिथे कोणते कलावंत आहेत हे पाहूनच प्रेक्षक तिकीट काढतो, म्हणून ती गर्दी कामाची असते. नाट्यशौकिनांसाठी अंक असेल तर तीच रीत जरूर घ्यावी. भजनाच्या अंकाला एका वृद्ध खंजिरीवादकाचा चेहरा पुरे. देणगीदारांची नावे तिसऱ्या पानावर मोठ्या अक्षरात, सन्मानाने द्यावीत. हा तोडगा बहुतेक मंडळे मान्य करतात.

छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवले की त्याचा आकार घटतो आणि छपाईत चेहरा फुटतो. ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावे आणि छापायच्या मापाला इंचात ३०० ठिपके भरतात का ते पाहावे. रंग वाचकाच्या सवयीतून घ्यावा: भजनाला भगवा, भीमगीतांना निळा लोकांच्या मनात पक्का आहे आणि तो मान राखावा. चाररंगी छपाईला चार प्लेटा लागतात; पैसे कमी असतील तर मुखपृष्ठ चाररंगी करून आतली पाने काळ्या शाईत छापावीत. आत गुळगुळीत आर्ट पेपर घेऊ नये, बल्बचा उजेड त्यावर चमकतो आणि ओळ दिसत नाही. साधा मॅपलिथो कागद डोळ्यांना सुसह्य असतो आणि त्यावर पेनाने लिहिता येते.

छापण्याआधीची डमी

झेरॉक्सवर चार-पाच प्रती काढून, पिना मारून, प्रत्यक्ष मंडळात द्याव्यात. रात्री, त्यांच्याच जागी, त्यांच्याच उजेडात, अंक जमिनीवर ठेवून गाणे म्हणायला सांगावे आणि आपण बाजूला बसून फक्त पाहावे. गायक पुढे वाकला की अक्षर लहान आहे. बोट ठेवून ओळ शोधली की अंतर कमी आहे. कोणी अंकावर टाळ ठेवून पान दाबून धरले की ते भजन दुसऱ्या जागी हलवावे लागणार आहे. त्या प्रती आठवडाभर मंडळातच राहू द्याव्यात. परत घेताना समासात पेनाने केलेल्या खुणा पाहाव्यात: कुणी चालीचे नाव लिहिलेले असते, कुणी पट्टी, कुणी सुटलेला शब्द. ज्या पानांवर अशा खुणा दाट असतील, त्या पानांचा बाहेरचा समास छपाईच्या वेळी अर्धा इंच वाढवावा.