'ह्युमन एरर' लिहून फाईल बंद करण्याआधी: जहाजाच्या अपघाताचा तपास कसा करायचा

जहाज रेतीवर चढलं किंवा दोन जहाजं एकमेकांना धडकली की पहिला फोन येतो तो हाच, वॉचवर, म्हणजे पाळीवर, कोण होतं? नाव कळलं की ऑफिसातल्या सगळ्यांना हायसं वाटतं, सेकंड ऑफिसरच्या नावावर खापर फुटतं, रिपोर्टात 'ह्युमन एरर' लिहिलं की मंडळी मोकळी. माझं म्हणणं एवढंच आहे की ते दोन शब्द लिहावेसे वाटले ना, की समजा खरा तपास आत्ता सुरू होतोय. त्या माणसाला त्या मिनिटाला तसं वागणं बरोबर का वाटलं, ते शोधायचंय.

आधी व्हीडीआर, म्हणजे व्हॉयेज डेटा रेकॉर्डर. जहाजाचा ब्लॅक बॉक्स म्हणा हवं तर, ब्रिजवरचं (जिथून जहाज चालवतात तिथलं) बोलणं, रडारचं चित्र, व्हीएचएफ रेडिओ, स्पीड, हेडिंग सगळं त्यात असतं. जुन्या मशीनमध्ये १२ तासांचंच रेकॉर्डिंग राहतं, नंतर त्यावरच नवीन चढतं, त्यामुळे अपघातानंतर धावपळीत कोणी सेव्ह बटण दाबलं नाही तर दुसऱ्या दिवशी तुम्हाला मिळतो तो फक्त टगबोटींचा आरडाओरडा. जुलै २०१४ नंतर बसवलेल्या मशीनमध्ये संरक्षक कॅप्सूलमध्ये ४८ तासांचं आणि आतल्या मेमरीत ३० दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं, तरी पहिला फोन हाच करायचा, की कॅप्टन, सेव्ह केलंत का.

डेटा आला की लगेच घड्याळं जुळवा. व्हीडीआर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), लॉगबुक जहाजाच्या टाइमवर, इंजिनरूमचा अलार्म प्रिंटर कधीकधी स्वतःच्याच तंद्रीत पाच-सात मिनिटं पुढेमागे. हे न जुळवता टाइमलाइन केली तर इंजिन बंद आधी पडलं की ऑर्डर आधी दिली हेच उलटं दिसतं आणि एखाद्या बिचाऱ्याची नोकरी जाते. टाइमलाइन करताना प्रत्येक माणसाची वेगळी ओळ ठेवा, आणि त्या ओळीत जे घडलं ते नको, त्याला त्या वेळी जेवढं दिसत होतं, ऐकू येत होतं तेवढंच लिहा. शेवट माहीत असला की सगळ्यांनाच शहाणपण सुचतं, तुम्हालाही सुचेल, म्हणून हा बंधारा आधीच घालायचा.

ह्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे १९९५ चं 'रॉयल मॅजेस्टी'. क्रूझ जहाज, बर्म्युडाहून बॉस्टनला निघालेलं, दीड हजारावर माणसं. बंदर सोडून तास होत नाही तोच जीपीएसच्या अँटेनाची केबल निघाली आणि रिसीव्हर आपला अंदाजाने पोझिशन देत बसला. अलार्म वाजला तो जेमतेम एक सेकंद, स्क्रीनवर कोपऱ्यात 'डीआर' (पोझिशन अंदाजाची आहे) आणि 'एसओएल' (उपग्रहांवरून पोझिशन मिळत नाही) अशी बारीक अक्षरं आली, एवढंच. ऑटोपायलटला काही कळलं नाही, तो इमानेइतबारे त्या खोट्या पोझिशनवर जहाज चालवत राहिला. चौतीस तासांनी नॅनटकेटजवळ ते वाळूवर चढलं, ठरलेल्या रस्त्यापासून १७ मैल बाजूला. आता वरवर बघितलं तर म्हणाल की ऑफिसर झोपले होते का? नाही, ते दर तासाला पोझिशन चार्टवर घालत होते, फक्त ती त्याच जीपीएसची होती. आणि ज्या वेळी एक बोया (पाण्यात तरंगणारी खूण) दिसायला हवा होता त्याच वेळी रडारवर खरंच एक टार्गेट आलं, तो बोया दुसराच होता, पण वेळ जुळली, अंतर जुळलं, मग कोणाला शंका येणार? पुढचा बोया तर सेकंड ऑफिसरला दिसलाच नव्हता, तरी त्याने कॅप्टनला दिसला म्हणून सांगितलं. इथे तपास करणाऱ्याची खरी परीक्षा आहे. 'खोटं बोलला' म्हणून थांबलात तर संपलं. बोया नाही दिसला हे सांगणं त्याला इतकं अवघड का वाटलं, इतके तास सगळं जुळत आल्यावर 'असेल कुठेतरी' हा विचार किती सोपा होता, आणि लोरान, म्हणजे रेडिओ लहरींवरून पोझिशन देणारं दुसरं यंत्र, ब्रिजवर असूनही ती जीपीएसशी ताडून बघायची सवय का सुटली, हे प्रश्न पुढचे आहेत.

आता माणसांशी बोलणं. शक्यतो लवकर, एकेकटं, कॅप्टन किंवा कंपनीचा वकील खोलीत बसलेला असताना एबी, म्हणजे साधा खलाशी, काय बोलणार, 'सगळं नॉर्मल होतं सर', एवढंच. सुरुवातीलाच सांगा की हा तपास कोणाला शिक्षा द्यायला नाही, आयएमओचा (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा) कॅज्युअल्टी इन्व्हेस्टिगेशन कोड २०१० पासून लागू आहे, त्यातही हेच आहे. पण खोटं आश्वासन देऊ नका, दुसरी चौकशीही होऊ शकते हे त्याला माहीत असलं पाहिजे. माझी चूक सांगतो, सुरुवातीच्या काळात मी एका थर्ड ऑफिसरला पहिलाच प्रश्न टाकला, 'तुम्ही रडारकडे का नाही बघितलं?' तो तिथेच बंद झाला, पुढे अर्धा तास फक्त हो-नाही. आता मी म्हणतो, 'वॉच हातात घेतलात तिथून सांगा, कोण होतं, काय बोलणं झालं, खिडकीतून काय दिसत होतं.' मग मध्ये तोंड घालायचं नाही. गप्प बसणं ही ह्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. कागद-पेन्सिल द्या, माणसं बोलताना जे विसरतात ते चित्र काढताना आठवतं. आणि व्हीडीआर आधी ऐकवू नका, नाहीतर तो आठवण सांगत नाही, रेकॉर्डिंग सांगतो.

झोप. रेस्ट अवर्सचा तक्ता मागा आणि त्यावर विश्वास ठेवू नका. नियम २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांतीचा आहे, तक्त्यात ते नेहमीच नीट भरलेलं असतं, महिनाभर रोज तीच रेघ. तो तक्ता कार्गो लॉग, पायलटच्या वेळा, ड्रिल, ईमेल ह्यांच्याशी ताडून बघा. आणि कुकशी बोला, हे कोणी करत नाही. कोण जेवायला आलं नाही, कोणाचं ताट झाकून ठेवलं होतं हे त्याला पाठ असतं. २०१० मध्ये 'शेन नेंग १' हे मालवाहू जहाज ग्रेट बॅरिअर रीफवर चढलं तेव्हा वॉचवरच्या चीफ मेटला त्याआधीच्या साडेअडतीस तासांत जेमतेम अडीच तास झोप मिळाली होती. अशा माणसाने वळण चुकवलं तर नवल काय, त्याला वॉचवर उभं कोणी केलं ते विचारा.

चूक कुठल्या जातीची हे पण बघायला लागतं. हात चुकला, विसर पडला, समज चुकली की नियम मोडला, चारही वेगळे आहेत आणि उपायही वेगळे. नियम मोडला असं दिसलं की लगेच चवताळू नका, आधी दुसऱ्या वॉचवाल्याला विचारा तो काय करतो. ब्रिजवरचा झोपेचा अलार्म, बीएनडब्ल्यूएएस, सगळेच बंद ठेवत असतील तर ती जहाजाची रीत झाली. जमल्यास त्याच वेळी रात्री, दिवे मंद करून त्याच खुर्चीत जाऊन बसा. २०१३ मध्ये 'ओव्हिट' टँकर डोव्हरच्या सामुद्रधुनीत वार्न बँक ह्या उथळ वाळूच्या पट्ट्यावर चढला, त्याचा पॅसेज प्लॅन, म्हणजे ठरवलेला रस्ताच, त्या पट्ट्यावरून आखलेला होता आणि एक्डिसचा (इलेक्ट्रॉनिक चार्टचा) अलार्म वाजलाच नाही. असलं काही स्क्रीनसमोर बसल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

मग वर चढत जा. १९८७ ची 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' फेरी घ्या, पुढचे दरवाजे उघडेच ठेवून झीब्रुगेहून निघाली, उलटली, १९३ माणसं गेली. दरवाजे बंद करायचं काम असिस्टंट बोसनचं (बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम), तो केबिनमध्ये झोपला होता. इथेच थांबता आलं असतं. पण बोसनला दरवाजे उघडे दिसले होते आणि ते त्याचं काम नव्हतं, ज्या ऑफिसरने खात्री करायची त्याला त्याच वेळी ब्रिजवरही असायला सांगितलेलं, आणि कॅप्टनला काही तक्रार आली नाही म्हणजे सगळं ठीक असं धरायची पद्धत. दरवाजे बंद आहेत की उघडे हे दाखवणारा एक दिवा ब्रिजवर बसवा अशी मागणी कॅप्टनांनी आधीच केली होती, ऑफिसात तिची चेष्टा झाली. आयएसएम कोड, म्हणजे जहाज कंपन्यांनी सुरक्षा कशी सांभाळायची ह्याचे नियम, त्यातूनच पुढे आला. म्हणून ऑफिसचे जुने ईमेल, नाकारलेल्या मागण्या, आधीच्या निअर मिसचे (थोडक्यात टळलेल्या अपघातांचे) रिपोर्ट हेही मागा, द्यायला कुरकुर होईल.

शिफारस लिहिताना 'क्रूने अधिक दक्ष राहावे' असलं वाक्य आलं तर खोडून टाका. उद्या नवा माणूस आला, तेवढाच दमलेला, तेवढीच कामं, तर काय बदललेलं असेल तेवढंच लिहायचं. ड्राफ्ट ज्यांच्याशी संबंध आहे त्यांना वाचायला द्या, कॅज्युअल्टी कोडात त्यावर म्हणणं मांडायला संबंधित देशांना साधारण ३० दिवसांची मुदत दिलेली असते. तेवढ्यात एकदा पूर्ण रिपोर्टात 'करायला हवं होतं' हे शब्द शोधा, प्रत्येक ठिकाणी तिथे खरंतर काय केलं आणि का केलं ते लिहा. माझ्या मागच्या ड्राफ्टमध्ये तसे अकरा निघाले होते.